एका गाण्यातला मान



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा आपण सर्वांनी आग्रह केलात. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून एका गाण्याची हकिगत तेवढी सांगते. गाणे इंग्रजी आहे. धाकट्या लेकीने अर्थ समजावून दिला, तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही.

गाण्याचे नाव 'रिस्पेक्ट', म्हणजे मान. अमेरिकेतल्या ओटिस रेडिंग या गायकाने ते लिहिले आणि १९६५ साली स्वतःच गायिले. त्यातला पुरुष म्हणतो, मी कमावून घरी येतो, तेव्हा घरात माझा मान राखला गेला पाहिजे. यात नवे ते काय? हे तर आपण घरोघर ऐकतो!

पण १९६७ साली अरेथा फ्रँकलिन या कृष्णवर्णीय गायिकेने तेच गाणे गायिले आणि अर्थच फिरला. आता मान मागणारी बाई आहे. ती रडत नाही, विनवीत नाही. माझे जे आहे ते मी तुला देते, तू माझा मान राख, असा रोखठोक व्यवहार ती मांडते. मध्येच त्या शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून म्हणते, जणू न समजणाऱ्याला बाराखडी शिकवते आहे! हे मूळ गाण्यात नव्हते. मागे साथीला तिच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. त्या वर्षी हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळींनी ते आपलेच मानले.

ही अरेथा १९४२ साली जन्मली. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. दहा वर्षांची होण्याआधीच आई वारली, आणि बाराव्या वर्षी ही स्वतः आई झाली. पियानो ती कानाने ऐकूनच शिकली. पुढे १९८७ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या मानाच्या यादीत जागा मिळालेली ती पहिली स्त्री ठरली. २०१८ साली ती वारली.

तिची एक सवय मला फार आवडते. कार्यक्रमाचे पैसे ती आधी रोख घेई आणि पैशांची पर्स रंगमंचावर आपल्या नजरेसमोर ठेवून गाई. कितीतरी कृष्णवर्णीय कलावंतांचे पैसे बुडवले गेले होते, ते तिला ठाऊक होते. शिवाय तिकडे रेडिओवर गाणे वाजले की पैसे मिळत ते लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला नव्हे. म्हणजे गाणे गाजवले हिने, पण रेडिओचा मोबदला मात्र हिला नाही.

भगिनींनो, हे मी का सांगते? मध्यंतरी आमच्या घरी एक फॉर्म भरायचा होता. माझ्या नावापुढे 'व्यवसाय' असा रकाना होता. घरातूनच उत्तर आले, "काही नाही, ती घरीच असते." पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत जे चालते, त्याला नाव 'काही नाही'! मी हातातली पोळी तव्यावर टाकून म्हटले, "गृहिणी लिहा." लिहिले. भांडण झाले नाही, आकाशही कोसळले नाही.

आपण समजतो की निमूटपणे करीत राहिले म्हणजे मान आपोआप मिळेल. कधी मिळतो, पुष्कळदा मिळत नाही. तो गोड शब्दांत, पण स्पष्ट मागावा लागतो. आणि मागताना पाठीशी बहिणी असाव्यात. त्यासाठीच तर आपले मंडळ आहे. तेव्हा माझी एक सूचना आहे. यंदा पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेताना अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत, ओळखीच्यांकडूनही. आपल्या मेहनतीचा मान आधी आपण राखू, म्हणजे लोकही राखतील.