ध्रुपद धरावे

माउली, आजचा प्रश्न साधा आहे. मन खचलं, तर काय ऐकावं? आणि कसं ऐकावं?

तुम्ही म्हणाल, महाराज, यात काय सांगायचं? मोबाईल आहे, बटण दाबलं की गाणं सुरू! खरं आहे. पण एक लावलं, अर्ध्यात बदललं. दुसरं लावलं, तेही बदललं. तास गेला आणि मन होतं तिथंच. मग ज्याचं मन खरोखर खचलं होतं, त्यालाच विचारू या.

तुकोबारायांना विचारा. दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. हे मी पदरचं सांगत नाही. महाराजांनी स्वतःच्या अभंगात सांगून ठेवलं आहे. आणि पुढं काय केलं, तेही तिथंच आहे. मोडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. एकादशीला कीर्तन करू लागले. पण बरं का, आरंभी चित्ताला त्याचा अभ्यास नव्हता, हेही सांगितलं! मग संतांची काही वचनं विश्वासानं पाठ केली. आणि पुढं कुणी गात असेल, त्याच्या मागं ध्रुपद धरलं. पाहा, ज्यांना आपण जगद्गुरू म्हणतो, ते आधी मागं उभं राहून म्हणत होते.

ध्रुपद काय करतं? चरण पुढं पुढं जातो, आणि ध्रुपद त्याला फिरून घरी आणतं. खचलेल्या मनाला हेच जमत नसतं. ते भटकतं, परत येत नाही.

आता घरात काय लावाल? कुणी नुकतं गेलं असेल, तर लगेच आनंदाचं लावू नका. ज्ञानोबामाउलींच्या विराण्या लावा; हृदयनाथांच्या चाली, लतादीदींचा आवाज. विराणीत दुःख झाकलेलं नाही. विरहिणी रडते, पण रडते देवाकडं तोंड करून. तुमचं रडणंही तिच्या मागं जाऊ द्या.

थोडं सावरलात की लतादीदींचेच ‘अभंग तुकयाचे’ घ्या. श्रीनिवास खळ्यांच्या चाली आहेत. रात्री, दिवा बारीक करून ऐका. शब्द कानात सावकाश उतरतो.

अंगात उठायचं बळच नसेल, तेव्हा सकाळी भीमसेनांची ‘अभंगवाणी’ लावा. हा गवई गदगकडचा, मायबोली कानडी. अहो, आपला विठोबा तरी कोण? माउलींनी त्यालाही कानडाच म्हटलं! पंडितजी एकच नाम पुन्हा पुन्हा घेतात, दर वेळी नव्या ओढीनं, आणि पखवाज-टाळ बसल्या जागी तुमचा पाय हलवतात. ज्या म्हातारीचे गुडघे गेले, जिला यंदा वारी नाही, तिची वारी त्या टाळाबरोबर घरात चालते.

आणि सोयराबाईंचा अभंग किशोरीताईंच्या तोंडून ऐका. चोखोबांची ही कुटुंब, जन्मभर देवळाबाहेर उभी केलेली. तिनं तक्रारही केली देवाकडं. पण या अभंगात ती म्हणते, रंग सगळा एकच झाला, मी-तूपण उरलं नाही. जिला उंबरा ओलांडू दिला नाही, तिचा हा आनंद आहे. आपल्या दुःखाला एवढा धीर दुसरीकडं कुठं मिळेल?

आता एक नेम सांगतो, फार नाही. आठ दिवस एकच अभंग. बदलायचा नाही. पहिल्या दिवशी नुसता ऐका. दुसऱ्या दिवशी अर्थ विचारा, घरातल्या थोरांना विचारा. तिसऱ्या दिवसापासून गाणाऱ्याच्या मागं ध्रुपद धरा. आवाज कसाही असो! भाकरी थापताना धरा, एसटीत बसल्या बसल्या ओठात धरा. चित्त लागलं नाही तर घाबरू नका, तुकोबारायांनाही ते लावावं लागलं.

मोबाईलची बॅटरी संपेल, माउली. पाठ झालेलं ध्रुपद मध्यरात्री, अंधारातही तुमच्याजवळ असेल. म्हणा, सगळ्यांनी मागं म्हणा: विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल!

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!