उवा जातील, पण रॉकेल नको

दिघी असो, बोर्ली पंचतन असो, कुठल्याही गावच्या शाळेत तपासणीला गेलं की आया एकच विचारतात, "सिस्टर, एवढं डोकं धुते, तरी पोरीच्या उवा का जात नाहीत?" म्हणून आज त्यावरच बोलते.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. एका बाकावर तिघी चिकटून बसल्या की झालं! धुतलेल्या केसांतही ती सुखाने राहते, नुसत्या शाम्पूने मरत नाही. तेव्हा पोर घाणेरडी म्हणून उवा झाल्या, असं समजू नका.

आता कळकळीने सांगते ते ऐका. डोक्याला रॉकेल लावू नका. होडीसाठी आणलेलं नको, डिझेल नको, आणि आंब्याच्या फवारणीतून उरलेलं औषध तर मुळीच नको. रॉकेलने डोक्याची कातडी भाजते, वाफ छातीत जाते, आणि तसंच पोरगं चुलीजवळ बसलं तर केस पेटतात. फवारणीचं औषध कातडीतून अंगात भिनतं. लाळ गळते, घाम सुटतो, झटके येतात, जीवही जातो. "आमच्या आजीने लावलं होतं, काही झालं नाही," असं मला सांगू नका. आजी वाचली, म्हणून विषाचं औषध होत नाही! कुणी लावलंच असेल तर विस्तवापासून दूर न्या, कपडे बदला, साबणाने भरपूर पाण्याने धुवा. पोर सुस्त वाटलं, धाप लागली, तर १०८ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

शिक्षकांनो, तुम्हालाही सांगते. ही बाटली बऱ्याचदा शाळेतल्या अपमानानंतर बाहेर निघते. वर्गात उभं करून "हिच्याजवळ बसू नका" म्हटलं, की पोर रडत घरी जाते आणि घाबरलेली आई हाताला लागेल ते डोक्यावर ओतते. असं करू नका हो! उवांसाठी शाळा बुडवायची गरज नाही. आम्ही एकेकीला बाजूला घेऊन बघतो आणि निरोप तिच्या आईलाच देतो.

मग करायचं काय? आधी कानामागे आणि मानेवर, उजेडात बघा. कोंडा झटकला की पडतो, लीख नखाने ओढावी लागते. १ टक्का परमेथ्रिनचं लोशन धुतलेल्या, टिपलेल्या केसांना १० मिनिटं लावून धुवा. लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावा. आया चुकतात ते इथेच. दुसरी खेप राहून जाते. मधल्या दिवसांत ओल्या केसांतून बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा, पांढऱ्या फडक्यावर पुसा. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.

   

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक २०१३ पासून आहे, पण ते शाळेत वर्षातून एकदा येणार. एरवी फणी तुमच्याच हातात. आणि ती फवारणीची बाटली? आज रात्रीच कुलपात ठेवा.