पिल्लांचे पहिले सोळा आठवडे



अधिवेशनात अध्यक्षाने आपल्या पशुवैद्यक व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं, अशी प्रथा आहे. तुमची हरकत नसेल तर ती बाजूला ठेवतो आणि कुत्र्याच्या दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाच्या उलट्या-जुलाबांवर बोलतो. विषय जुना आहे, पण आपल्या टेबलावर सर्वांत जास्त पिल्लं याच दुखण्याने दगावतात.

चित्र तुम्हाला पाठ आहे. टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू, तोंडाला चिकट लाळ, हिरड्या कोरड्या, शेपटीखाली लालसर पाणी. सोबतचे काका सांगतात, "काल दुपारपर्यंत छान खेळत होतं हो!" तो ओळखीचा वास आला की तपासणीचं किट उघडण्याआधीच आपल्या तोंडी 'पार्वो' येतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण पोट चाचपायला विसरू नका. लांबट, घट्ट गाठ हाताला लागली तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं, आणि पार्वोच्या पिल्लातही तसं होतं. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर आईच्या दुधातून आलेले अंकुशकृमी आठवा. किट 'निगेटिव्ह' आलं म्हणून पार्वो नाहीच, असं समजू नका. उलट, नुकतीच लस दिलेल्या पिल्लात लसीतल्या विषाणूमुळेही 'पॉझिटिव्ह' येऊ शकतं.

पार्वोचा विषाणू 1978 मध्ये जगासमोर आला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पसरला. भराभर वाढणाऱ्या पेशी त्याला हव्या असतात. त्या आतड्याच्या अस्तरात असतात आणि अस्थिमज्जेतही. एकीकडे आतड्याची भिंत उघडी पडते, दुसरीकडे तिथून रक्तात शिरणाऱ्या जंतूंना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. प्रतिजैविक आपण देतो ते या जंतूंसाठी. जुलाब थांबवायची माणसांची गोळी घरून देऊन आणलेलं पिल्लू पाहिलं की म्हणूनच काळजी वाटते: घाण आतच अडकते. दोन किलोचं पिल्लू आठ टक्के सुकलं म्हणजे त्याच्या अंगातलं 160 मिली पाणी गेलं, जेमतेम मोठा कपभर. तेवढ्यात त्याची शीर सापडेनाशी होते. अशा वेळी मांडीच्या हाडातून सलाईन द्यायला कचरू नका, आणि रक्तातली साखर तपासायला विसरू नका.

"ॲडमिट करायला पैसे नाहीत" हे ऐकल्यावर आपण हात टेकतो. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचा. आधी शिरेतून सलाईन देऊन पिल्लं सावरली. मग काहींवर बाह्यरुग्णासारखे उपचार केले. कातडीखाली सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, लांब काळ टिकणारं प्रतिजैविक. त्यातली 80 टक्के वाचली, तर भरती केलेली 90 टक्के. पिल्लं थोडीच होती, देखरेखही कडक होती, हे खरं. पण उपचारच न मिळालेली बहुतेक पिल्लं मरतात. म्हणून 'परवडत नाही' याचं उत्तर 'मग न्या घरी' हे असू नये.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पिल्लाला आईच्या चिकातून संरक्षण मिळतं आणि हळूहळू ते उतरतं. मधे काही दिवस असे येतात की ते संरक्षण खऱ्या विषाणूला रोखण्याइतकं उरलेलं नसतं, पण लस निकामी करण्याइतकं असतं. हे दिवस प्रत्येक पिल्लाचे वेगळे. एकाच वेतातल्या भावंडांचेसुद्धा, कारण सगळ्यांनी चीक सारखा प्यायलेला नसतो. म्हणूनच सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना आता 26 आठवड्यांनंतर आणखी एक डोस सुचवते.

प्रत्यक्षात काय चालतं? कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, तरी ते त्याआधीच हातोहात विकलं जातं. त्याच आठवड्यात आईचं दूध तुटतं, प्रवास होतो, खाणं बदलतं, आणि मालकाला सांगितलं जातं, "लस झालीय." एक डोस झालेला असतो. पुढे दहाव्या-बाराव्या आठवड्यात दुसरा देऊन आपणच कार्डावर 'कोर्स पूर्ण' लिहितो. मग पिल्लू चौकात फिरायला जातं आणि आजारी पडल्यावर लस खोटी ठरते. याचा दोष विक्रेत्यावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. ते कार्ड आपल्या सहीचं आहे.

आणि आपला दवाखाना? फिनेलचा वास आला की आपल्याला स्वच्छ वाटतं. पार्वोला काहीच वाटत नाही. सॅनिटायझरलाही तो दाद देत नाही. आधी घाण पुसायची, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. हात साबणाने धुवायचे. जुलाब झालेलं पिल्लू आणि लसीला आलेलं पिल्लू एकाच बाकावर बसत असतील, तर आपण रोग वाटतोय.

या अधिवेशनाकडून मला ठराव नको, दोन गोष्टी हव्यात. पहिल्याच भेटीत पिल्लाच्या कार्डावर सोळा आठवडे पूर्ण होण्याची तारीख लिहा आणि त्याआधी 'पूर्ण' लिहू नका. आणि उलट्या होत असलेलं पिल्लू येतंय असा फोन आला, तर मालकाला रिक्षातच थांबायला सांगा आणि तपासायला तुम्ही बाहेर या.