माळवदावरचा शेजार

माझं बालपण किल्लारी भागातल्या जुन्या गावात गेलं. दगडमातीची घरं एकमेकांना खेटून. माळवदावरून चालत अख्खी गल्ली ओलांडता यायची. शेजारच्या काकू वरूनच अम्मीला विरजण मागायच्या. येळवशीला त्यांच्या शेतावर आम्ही असायचोच. भज्जी, आंबील, उंडे. आम्हाला स्वतःचं शेत नाही, हे त्या दिवशी ध्यानातही यायचं नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, त्याच माळवदांखाली माणसं गाडली गेली. काकांनी अब्बांना हातांनी माती उकरून बाहेर काढलं.

पुढं पुनर्वसनात घरं जमिनीप्रमाणे मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. घरं पक्की होती, नाही म्हणणार नाही. पण प्रत्येक प्रकारच्या रांगा वेगळ्या पडल्या. एका भिंतीचे शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले. हिंदू-मुसलमान म्हणून आम्हाला कुणी वेगळं केलं नाही; सातबाऱ्यानं केलं.

येळवशीचं बोलावणं अजून येतं, फोनवर. काकू वारल्या, ते मात्र आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.