कायमकुलम ते आलप्पुळा, वल्ह्याच्या होडीने

(श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर करून.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा 'रेल्वेतील सुरक्षितता' असा विषय सुचवला होता. इथे निम्मी मंडळी रेल्वेतलीच आहेत. तो विषय ड्यूटीवर ऐकावाच लागतो, सुट्टीच्या दिवशी कशाला? म्हणून येत्या जानेवारीत आपल्यापैकी दहा-बारा जणांनी ठरवलेल्या होडीच्या सहलीबद्दल बोलतो. बोलता बोलता सुरक्षितता त्यात येईलच, त्याला माझा इलाज नाही.

आधी जागा सांगतो. दक्षिणेला कायमकुलमचं कायल, उत्तरेला वेंबनाडचं. कायल म्हणजे आपल्या कोकणातल्या खाडीची बहीण म्हणा, पण उथळ आणि पसरट. या दोन कायलांच्या मधून एक संथ पाणी जातं. कुठे ते नदीसारखं आहे, कुठे खणलेल्या कालव्यासारखं, आणि शेवटी ते पंपा नदीच्या पाण्याला मिळतं. १९९३ साली कोल्लम ते कोट्टप्पुरम हा जो राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ जाहीर झाला, त्याचाच हा तुकडा. जानेवारीत प्रवाह जवळजवळ नसतोच. नारळाची झावळी पाण्यात टाकून चहा पिऊन आलात तरी ती तिथेच सापडेल. अशा पाण्यात भीती कसली, असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मी मूळचा सोलापूरकडचा. लहानपणी माझा पाण्याशी संबंध टँकर आणि हंड्यापुरता. सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि बदली होऊन इकडे आलो. २०१९च्या फेब्रुवारीत पुण्याचे मेहुणे आले होते. त्यांना कायल दाखवायचं म्हणून एक वळ्ळम ठरवलं. वळ्ळम म्हणजे इथली उघडी होडी. आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याने शिवायच्या आणि वरून काजूच्या टरफलाचं तेल लावायचं, ही जुनी पद्धत. होडीत मी, मेहुणे, आमचे चिरंजीव (तेव्हा वय नऊ) आणि होडीवाले चेट्टन. सकाळ फार छान गेली. दुपारी दोनच्या सुमारास चेट्टन म्हणाले, वारा सुटलाय, झाडांच्या आडोशाला थांबू, संध्याकाळी पलीकडे जाऊ. मी घड्याळ बघितलं. चारची पॅसेंजर पकडायची होती. म्हटलं, चला हो, समोर तर दिसतोय काठ.

अर्ध्यात गेल्यावर लाटा बाजूने येऊ लागल्या. मोठ्या नव्हत्या, वीतभरच. पण आमच्या होडीचा काठ पाण्याच्या वर चार बोटंच उरला होता. तीन लाटा आत आल्या आणि चौथीला होडी भरली. पाणी छातीइतकंच होतं, म्हणून मी आज इथे उभा आहे. खाली मात्र चिखल. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि ज्याला पोहता येत नाही त्याला छातीभर पाणीही पुरतं. मला पोहता येत नव्हतं. जॅकेट एकही नव्हतं. मुलगा होडीचा काठ धरून होता. मी हात पुढे केला, तर त्याने तो घेतला नाही, चेट्टनकडे हात केला. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि होडीला धरून आम्हाला काठावर आणलं. कॅमेरा, मोबाईल, मेहुण्यांची बॅग सगळं गेलं, त्याचं काही नाही. त्या दिवसानंतर चिरंजीव होडीत बसलेला नाही. आता तो दहावीत आहे.

पोहायला मी त्यानंतर शिकलो, चाळिशीत. बारकी पोरं हसायची. असो.

आता नियोजन. आम्ही रुळाचं काम करायला ब्लॉक घेतो. दोन तासांचा ब्लॉक म्हणजे दोन तासांनी रूळ गाडीला परत द्यायचा. काम उरलं तर उरलं, पण उरेल असं वाटलं तर ते आधीच आवरतं घ्यायचं. इतकी वर्षं मी हेच करत आलो आणि त्या दिवशी पाण्यावर नेमकं उलटं केलं. पाण्यावर ब्लॉक वारा देतो. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी पाणी आरशासारखं असतं, उन्हं तापली की समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारभर वाढत जातो. म्हणून आपला ब्लॉक सकाळी सहा ते साडेदहा. साडेदहाला जिथे असू तिथे काठाला लागायचं. वल्हवून तासाला चार किलोमीटर धरले तर दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर होतात, त्यापेक्षा जास्त आखायचं नाही. आणि परतीच्या गाडीचं रिझर्वेशन शेवटच्या दिवसाचं काढायचं नाही, दुसऱ्या दिवसाचं काढायचं.

दुसरी गोष्ट, उतरायच्या जागा. इथे आपलं नशीब चांगलं. कायमकुलम-आलप्पुळा लाईन या पाण्याला जवळजवळ समांतर जाते. चेप्पाड, हरिपाड, करुवाट्टा, तकळी, अंबलप्पुळा, पुन्नप्रा. कोणाला ऊन लागलं, हाताला फोड आले, तर होडी सोडून रिक्षाने स्टेशन गाठायचं. त्यात लाज नाही. कोणी कुठे उतरायचं हे आधीच कागदावर असेल.

पहिल्या दिवशी कायलाच्या उत्तर टोकाकडून, काठाकाठाने, त्रिक्कुन्नपुळापर्यंत. मधोमध जायचं नाही, पाच किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. इकडे समुद्राची भरती-ओहोटी जाणवते. मुंबईसारखी चार-पाच मीटरची नाही, कशीबशी मीटरभर. पण खुंट्यांना बांधलेली जाळी ओहोटीला ताणली जातात, त्यांच्यापासून लांब राहायचं. त्रिक्कुन्नपुळाला लॉक आहे, म्हणजे खारं आणि गोडं पाणी वेगळं ठेवणारा दरवाजा. तो चालू आहे की दुरुस्तीला, हे निघायच्या आठ दिवस आधी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघायचं. फोनवर "ओके सार" मिळतं, ते धरायचं नाही. बंद असेल तर होडी उचलून पलीकडे न्यावी लागेल, म्हणून सामान माणशी एकच पिशवी.

दुसऱ्या दिवशी तोट्टपळ्ळी ते करुमाडी. तोट्टपळ्ळीचा स्पिलवे १९५५चा, चाळीस दारांचा. पंपा, मणिमला, अच्चनकोविल या नद्यांचं पुराचं पाणी कुट्टनाडातून समुद्रात सोडायला बांधलेला. इंजिनिअर मंडळींनी तिथे अर्धा तास धरावा, वहिनींनी रागावू नये. पुढे करुमाडीला काठाजवळच काळ्या दगडाची जुनी बुद्धमूर्ती आहे, एक बाजू तुटलेली. अंबलप्पुळ्याच्या देवळातलं पालपायसम जवळच आहे. तकळी हे 'चेम्मीन'कार तकळी शिवशंकर पिळ्ळै यांचं गाव. या टप्प्यात होडीत बसून खाली बघितलं की भातशेत दिसतं, कारण शेतं पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. सोलापूरच्या माणसाने हे एकदा तरी बघावं.

पण इथेच एक अडचण. वेंबनाडवर तण्णीरमुक्कमचा बंधारा आहे. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तो साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत बंद असतो. बंद झाला की गोड्या पाण्यात जलपर्णी फोफावते. म्हणजे वारा कमी त्या महिन्यांत जलपर्णी जास्त. तिच्यात होडी शिरली की वल्हं चालत नाही, बांबूने रेटावं लागतं. म्हणून जानेवारीचा पहिला पंधरवडा धरला आहे, आणि प्रत्येक होडीत वल्ह्यांसोबत एक लांब बांबू.

तिसऱ्या दिवशी करुमाडीहून पळ्ळात्तुरुत्ती. हाऊसबोटी रात्री नांगरलेल्या असतात, त्या हलायच्या आत तिथे पोचायचं, नाहीतर त्यांच्या लाटा. आणि सहल तिथे संपेल.

आपल्यातल्या तरुण मंडळींचा आग्रह आहे की वेंबनाड ओलांडून कुमरकमला शेवट करू. फोटो छान येतील, खरं आहे. माझं उत्तर नाही असं आहे. २७ जुलै २००२ला मुहम्माहून कुमरकमला येणारी प्रवासी बोट याच कायलात बुडाली, २९ माणसं गेली. ती इंजिनाची मोठी बोट होती. आपण चार बोटं काठाच्या होडीत. ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीचं तिकीट काढावं, मीही येईन.

होडीत जास्तीत जास्त तीन माणसं, आणि बसल्यावर काठ वीतभर वर राहिलाच पाहिजे. जॅकेट सर्वांना, अंगात, होडीत ठेवलेलं नव्हे. मुलांची जॅकेटं वजनावर मिळतात, म्हणून मुलांची वजनं मला लिहून द्या. मोठ्यांनीही द्यावीत, कुठे वाचून दाखवणार नाही. पाणी उपसायला कापलेले कॅन, दोरीने बांधलेले. मोबाईल आणि औषधं घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये. ज्याला पोहता येत नाही त्याने डिसेंबरपर्यंत निदान जॅकेट घालून पाण्यात तरंगून दाखवायचं.

होडीवाल्या चेट्टनना मी फोन केला होता. या म्हणाले. वर म्हणाले, "या वेळी गाडी कितीची आहे?" मी सांगितलं, गाडीच नाही. थांबा म्हटलं की थांबायचं, हा शब्द त्यांना दिला आहे, आणि तो तुम्हा सगळ्यांच्या वतीने दिला आहे.

नावं दसऱ्यापर्यंत द्यावीत. चार होड्या, बारा जागा, त्यातल्या चार चेट्टन मंडळींच्या, म्हणजे आपल्या आठ. जास्त नावं आली तर दोन फेऱ्या करू, होडीत चौथा बसवणार नाही. आठातली एक जागा मी चिरंजीवासाठी ठेवली आहे. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. ती जागा कृपया कोणी मागू नये.