खनिज तेलापासून ठिबकच्या नळीपर्यंत

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत पसरलेली ठिबकची काळी नळी पॉलिथिलीनची असते; तिचे मूळ खनिज तेलात आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. तेलशुद्धीकरणात पेट्रोल-डिझेलबरोबर नॅफ्था हा हलका अंश निघतो. तो इंधन म्हणून विकल्यास भाव बेताचाच मिळतो. तीव्र उष्णतेने त्याचे भंजन केले, की इथिलीन व प्रोपिलीन हाती येतात आणि प्लॅस्टिकची वाट खुली होते.

ट्रॉम्बे येथे 1954 व 1955 साली दोन शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. ठाण्याजवळ नोसिलचा नॅफ्था-भंजन प्रकल्प 1968 साली आला. पुढे तो बंद पडला. मालकी निराळी, म्हणून हिशेबही निराळे: एकाची विक्री तोच दुसऱ्याचा खर्च. दोन्ही कारखाने एकाच आवारात असले, की वाफ व वीज सामाईक होते, वाहतूक वाचते, आणि भंजनातून निघणारा हायड्रोजन डिझेलमधील गंधक काढण्यास उपयोगी पडतो. इंधनातील नफा घसरला तरी रसायनांचा आधार राहतो. भारत पेट्रोलियमने मध्य प्रदेशातील बीना येथे हीच जोड हाती घेतली असून 2023 साली तिची पायाभरणी झाली.

अर्थात, कारखान्याचा नफा वाढला म्हणून बागायतदाराची नळी स्वस्त होईलच, असे नाही. पॉलिथिलीनचा दर जागतिक बाजार ठरवतो. मनमाडजवळच्या पानेवाडीला मुंबईहून नळमार्गाने जे येते, ते इंधनच.