बाहेर जाणाऱ्याचीही नोंद हवी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात माजी खजिनदारांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

पंचवीस वर्षांचा आढावा अध्यक्षांनी घेतलाच आहे. मला कार्यालयातल्या संगणकाविषयी बोलायला सांगितलंय.

आपल्या गेटवर रजिस्टर आहे. कोण आलं, गाडीचा नंबर काय, कुणाकडे जायचंय, सगळं लिहिलं जातं. बाहेर काय जातं, ते मात्र आपण बघत नाही. शहापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. भातसा, तानसा आपल्या तालुक्यात. पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर!

मी खजिनदार असतानाची गोष्ट. मार्चअखेरीचे हिशेब चालू होते, शिवाय जुनी कागदपत्रं स्कॅन करणंही. कार्यालयात वायफाय नव्हतं. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालायचं. रोजचा दीड जीबी डेटा अकरा वाजताच संपायचा. एका संध्याकाळी सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट आणि त्यात डेटा युसेज उघडलं. मागच्या ३० दिवसांत कोणत्या ॲपने किती डेटा वापरला, त्याची यादीच समोर आली. सगळ्यात वर होतं फायली ऑनलाइन साठवणारं एक ॲप. नॉमिनेशन फॉर्म, शेअर सर्टिफिकेट, आधारच्या प्रती, सगळं फोल्डर ते वर पाठवत होतं. आणि खातं संस्थेचं नव्हतंच.

पूर्वी टायपिंग करणारा मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागला होता. त्याला फोन केला. "काका, तेव्हा घाईत माझ्याच ईमेलवर चालू केलं होतं. मी कधी उघडूनही बघितलं नाही हो," तो म्हणाला. रविवारी स्वतः आला. आधी संगणकावरून त्याचं खातं काढलं, मग त्याच्या खात्यातल्या प्रती पुसल्या. क्रम उलटा झाला असता, तर आपल्याकडच्या फायलीही पुसल्या गेल्या असत्या. मुलगा सरळ होता म्हणून निभावलं. पण चूक त्याची एकट्याची नव्हती. त्या खुर्चीवर रोज मी बसत होतो आणि एकदाही विचारलं नाही.

त्यानंतर मी थोडं शिकलो. विंडोजची फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला परवानगीशिवाय आत घेत नाही, पण आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही. अगदी आपल्या वॉचमनसारखी! एखादा प्रोग्राम रोखायचा तर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये आउटबाउंड रूल्स आहेत. तिथे नवा नियम करून तो प्रोग्राम निवडायचा आणि ब्लॉक करायचं. या क्षणी कोण बाहेर बोलतंय, हे रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क भागात दिसतं. हॉटस्पॉट वापरताना ते कनेक्शन 'मीटर्ड' केलं, की बरीच अपडेट थांबतात आणि डेटा वाचतो.

मात्र दिसेल ते बंद करू नका. विंडोजची आणि अँटीव्हायरसची अपडेट कायमची रोखणं म्हणजे कुलूपच काढून ठेवणं. अनोळखी नाव दिसलं तर आधी चौकशी करा. दुरुस्तीवाल्याने दुरून संगणक चालवायचं ॲप टाकलं असेल, तर काम झाल्यावर ते काढायला लावा.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एवढ्या मोठ्या बँकेवर ही वेळ येते, तर आपण गाफील राहून कसं चालेल? पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा.

नव्या कमिटीला एकच विनंती. दर तीन महिन्यांनी दोघांनी मिळून ही यादी बघावी आणि मिनिट बुकात दोन ओळी लिहाव्यात. सभासदांनी आपले कागद विश्वासाने दिलेत. ते कुठे जातात, हे आपल्याला माहीत हवं.

जय सहकार!